खारं पाणी, मामा तलाव आणि पांदणीतला चिखल

आपला प्रदेश, आपला भूगोल : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की पाण्याची पत्रं वाढतात. या महिन्यात दर्यापूरपासून अर्जुनी मोरगावपर्यंतच्या वाचकांनी लिहिलं आहे. ज्यांची उत्तरं इथे नाहीत, त्यांना पोस्टकार्डानं वेगळं कळवते आहे.

प्रश्न : मॅडम, माझं वावर पूर्णा नदीपासून जवळ आहे. विहीर खोदली तं खारं पाणी, बोअर मारला तं त्याहून खारं. माझ्या साळ्याचं गाव परतवाड्याकडे आहे, तिथं संत्र्याचे बगीचे आहेत. इतक्याशा अंतरात एवढा फरक काहून? म्हातारे म्हणतात इथं आधी समुद्र होता. हे खरं काय? अन् आम्ही करावं काय?
— एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, समुद्राची गोष्ट साऱ्या पूर्णाकाठी सांगतात. पण तुमच्या विहिरीतल्या खारेपणाला समुद्राची गरज नाही, पूर्णेच्या खोऱ्याची घडणच पुरेशी आहे. उत्तरेला सातपुड्यातली गाविलगडची रांग, दक्षिणेला अजिंठ्याचं पठार आणि मधला भाग खचलेला. या खचलेल्या भागात पूर्णेनं आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला. डोंगरातून उतरलेली नदी सपाटीवर आली की तिचा जोर मोडतो. गोटे, रेती, भरड माती ती पायथ्याशीच टाकते आणि चिकणमाती तेवढी पुढे खोऱ्याच्या मध्यापर्यंत नेते. तुमच्या साळ्याचा बगीचा त्या भरड गाळावर आहे. तिथे पाऊस मुरतो, मुरलेलं पाणी वाहतं राहतं, क्षार साचत नाहीत. तुमचं वावर मधल्या चिकणमातीवर आहे.

या मातीत पाणी शिरायला वेळ लागतो आणि शिरलेलं बाहेर पडायला त्याहून जास्त. पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तर वर्षभराचं बाष्पीभवन त्याच्या दुपटीच्या घरात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पूर्णेला उतार कमी, त्यामुळे ते धुऊनही निघत नाहीत. त्यात सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवतात. म्हणूनच तुमच्या वावरात पाऊस पडल्यावर चार दिवस पाय घालता येत नाही आणि एप्रिलात भेगेत हात जातो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ९०० गावं आणि ४,७०० चौरस किलोमीटर जमीन या खारपाण पट्ट्यात येते. शंभर फूट अलीकडे-पलीकडे आणखी एक बोअर मारून पाहण्यात पैसा घालवू नका, हे मी कळकळीनं सांगते.

करायचं काय? पहिलं म्हणजे विहिरीचं पाणी पिकाला देणं थांबवा. एक-दोन वर्षं पीक बरं दिसेल, पण प्रत्येक पाळीबरोबर सोडियम जमिनीत भरत जाईल आणि ती जमीन परत आणायला फार वर्षं लागतील. दुसरं, शेततळं. जी चिकणमाती तुम्हाला छळते तीच तळ्यात पाणी धरून ठेवते, तुमच्याकडच्या शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर लागत नाही. पावसाचं गोड पाणी साठवा आणि हरभऱ्याला फुलं धरायच्या आधी एक, घाटे भरताना एक अशा दोन पाळ्या तुषार संचानं द्या. मूग घेऊन त्यावर हरभरा हा तुमच्या भागाचा जुना क्रम शहाणपणाचा आहे, तो मोडू नका. तिसरं, जिप्सम. माती तपासल्याशिवाय टाकू नका, आणि टाकलं तर वावरातून पाण्याला बाहेर जायला चर असला पाहिजे. जिप्समनं सुटलेला सोडियम वाहून गेला नाही तर खर्च वाया जातो. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, मातीचा अहवाल घेऊन तिथे जा.

पिण्याच्या पाण्यासाठी खारपाणातल्या गावांना सातपुड्याच्या पायथ्यावरच विसंबावं लागतं, तुमच्याकडे शहानूर धरण, अकोला जिल्ह्यात वान. नळ चार दिवस बंद राहिला म्हणून लोक हापशीकडे वळतात, ते थांबवा. त्यापेक्षा छपराचं पाणी टाकीत धरा.

आणि साळ्यांनाही एक निरोप द्या. त्यांचं पाणी गोड आहे, अमाप नाही. संत्र्याच्या पट्ट्यातले वरुड आणि मोर्शी तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. पायथ्याचा भरड गाळ पाणी लवकर घेतो तसा लवकर सोडतोही. सातपुड्यातून येणाऱ्या नाल्यांचं पाणी तिथेच मुरवलं नाही, तर बगीचे वाळतील.

प्रश्न : नागपूरचा झिरो माईल हा भारताचा मध्यबिंदू आहे, असं आम्ही पाठ केलं. परीक्षेत तसंच लिहावं का?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, मूर्तिजापूर

उत्तर : बेटा, तो खांब १९०७ मध्ये ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेच्या कामात उभा राहिला आणि त्याचं काम उंची सांगणं हे आहे. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे साधारण ३११ मीटर, अशी उंची तिथे कोरलेली आहे. कालवा काढायचा, लोहमार्ग टाकायचा, धरणाची पातळी ठरवायची तर उंचीचा एक पक्का खुंटा लागतो, तसा तो आहे. देशाचा मध्यबिंदू सीमा बदलल्या की बदलतो, आणि १९०७ चा भारत आजच्या भारताहून मोठा होता. परीक्षेत ‘सर्वेक्षणाचा मानक उंचीदर्शक बिंदू’ असं लिही.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावात तीन मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) अन् एक बोडी (छोटं तळं) आहे. पाळ खचली आहे, अर्धा तलाव बेशरमच्या झुडपांनी भरला. गाळ काढायचं ठरत आहे. पण ग्रामसभेत तरुण पोरं म्हणतात, एवढ्या पैशात बोअरवेल होतील, तलाव कशाला पाहिजे. मी त्यांना काय सांगू?
— एक सरपंच, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : ताई, त्या पोरांना आधी पायाखालचा खडक दाखवा. नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे. तिथून पश्चिमेला सगळा वऱ्हाड त्याच लाव्हाच्या थरांवर बसला आहे. नागपूर सोडून पूर्वेला निघालं की बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुना, कडक, स्फटिकी खडक लागतो. या खडकाच्या अंगात पाणी नसतं. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असेल तेवढंच. बोअरला भेग लागली तर नशीब, नाही तर धूळ. आणि लागलेली भेगही शेजारच्या चार बोअरनी मिळून उपसली की संपते. तलाव त्या झिजलेल्या थरात पाणी उतरवत असतो, तेव्हा तलाव गेला की बोअरही जाईल.

पाऊस तुमच्याकडे वऱ्हाडाच्या दीडपट पडतो. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचे पट्टे येतात तेव्हा झडी लागते, ते आले नाहीत की पंधरा-पंधरा दिवस कोरडे जातात. सोयाबीन दहा दिवस दम धरतं. धानाला बांधीत पाणी उभं लागतं, आणि निसवताना ते मिळालं नाही तर लोंबीत दाणाच भरत नाही. ती पंधरा दिवसांची फट भरून काढण्यासाठी तुमचे तलाव आहेत. कोहळी समाजाच्या माणसांनी गोंड राजांच्या काळापासून ते बांधले. जमिनीचा उतार इतका बारीक वाचला की वरच्या तलावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या तलावात जावं, तिथून बोडीत, बोडीतून बांधीत. नवेगाव बांध याच परंपरेतला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. यंत्र नसताना केलेलं हे काम मला देशातल्या कुठल्याही मोठ्या धरणाइतकं थोर वाटतं.

मग बिघडलं कुठे? मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्यानं संपली, १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. पण उन्हाळ्यात गाव मिळून पाळीवर माती टाकत असे, तुडुमाची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, दुरुस्ती करत असे, ते सुटलं. तलाव सरकारचा, मग दुरुस्तीही सरकारची, असं झालं आणि सरकारच्या खात्यात या तलावांना पैसा कमी आला. लोकांचे पाण्यावरचे, मासळीवरचे, गाळावरचे हक्क निस्तारपत्रकात लिहिलेले असतात. तहसीलमधून ते काढून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. अर्ध्या पोरांनी ते कधी पाहिलंही नसेल.

आता तुमच्या गाळाचं. गाळाला हात लावण्याआधी तीन ठिकाणं पाहा. पाणी तलावात येतं कुठून? वरच्या अंगाला रस्ता झाला असेल आणि त्याखाली नळ्या घातल्या नसतील, तर कितीही गाळ काढा, तलाव भरणार नाही. दुसरं पाळ आणि सांडवा, कारण खचलेल्या पाळीमागे खोल तलाव करणं धोक्याचं आहे. तिसरं तुडुम. हे झाल्यावर गाळ. तोसुद्धा जेसीबीनं सरसकट खड्डा करून नाही. तलावाच्या तळाशी चिकणमातीचा जो थर बसलेला असतो तो फोडला की पाणी ठरत नाही. काठाकडचा उथळ भाग तसाच राहू द्या, तिथे गाळपेर होते, पाखरं उतरतात आणि मासळी अंडी घालते. बेशरम मुळासकट उपटा. तुमच्याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी बेशरम काढून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या आणि त्यांची मासळी वाढली. त्यांना ग्रामसभेला बोलवा. माझ्या पत्रापेक्षा त्यांचं बोलणं पोरांना पटेल.

प्रश्न : आमच्या भागात जंगल आहे, तलाव आहेत, नदी आहे. तरी ब्रह्मपुरी, चंद्रपूरचं नाव दर मे महिन्यात सर्वांत गरम गावांत येतं. असं का?
— बारावीचा विद्यार्थी, ब्रह्मपुरी

उत्तर : समुद्र दोन्ही बाजूंनी लांब आहे, त्यामुळे दुपारी थंड वारा येण्याची सोय नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे वायव्येकडून कोरडी, तापलेली हवा येते. नद्यांची खोरी सखल आहेत. नागपूर ३११ मीटरवर, चंद्रपूर त्याहून शंभरएक मीटर खाली, आणि कोरड्या हवेत शंभर मीटर उतरलं की जवळपास एका अंशाचा फरक पडतो. तलाव तेव्हा आटलेले असतात आणि जंगल पानगळीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सावलीच नसते. धानाच्या बांध्या डिसेंबरनंतर उघड्या पडतात. ओली जमीन सूर्याची उष्णता पाणी उडवण्यात खर्च करते, कोरडी जमीन ती सगळी हवेला देते. चंद्रपूरला यावर कोळशाच्या उघड्या खाणी आणि २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले, तो दिवस नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक दिवसांच्याही, आधीचा होता. उन्हात काम करणाऱ्यांना नवतपाची वाट न पाहता एप्रिलपासूनच दुपारची सुट्टी मिळाली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. रोजगार हमीच्या कामांना तर आधी.

प्रश्न : माझं लहानपण दारव्ह्याला गेलं. शकुंतला गाडीत कापसाच्या गाठी चढताना पाहिल्या आहेत. आता गाडी नाही, गाठी ट्रकनं जातात. एवढा कापूस आमचा, मग कापडाच्या गिरण्या आमच्याकडे का झाल्या नाहीत?
— सत्तरी ओलांडलेले वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : काकाजी, झाल्या नाहीत असं नाही. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात उभी राहिली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर इथेही गिरण्या चालल्या. आपल्या कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओल राखणारी यंत्रं बसवावी लागली. मुंबईच्या गिरण्यांना तो ओलावा समुद्रानं फुकट दिला. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, बदललेली मालकी अशा कारणांनी आपल्याकडच्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या.

मात्र तुमच्या प्रश्नाचं मूळ रेल्वेच्या नकाशात आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसाच्या एका बाजारपेठेसाठी व्हाइसरॉय! मग बडनेऱ्याहून अमरावती. तुमची शकुंतला याच माळेतली : मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या भांडवलावर. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं, ते १९९४ पर्यंत धावलं. आमच्या आर्वीची पुलगाव-आर्वी गाडी १९१७ ची, तीही त्याच घराण्यातली.

आता हे सगळे फाटे कागदावर काढून पाहा. प्रत्येक फाटा कापसाच्या बाजारातून निघून मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळतो. यवतमाळहून आर्वीला, दारव्ह्याहून वाशीमला जोडणारा एकही नाही. आपल्या गावांना एकमेकांशी जोडावं म्हणून ही रेल्वे आली नव्हती, कापूस बंदराला न्यावा म्हणून आली होती. शंभर क्विंटल कापसातून रुई साधारण पस्तीस क्विंटल निघते, बाकी सरकी. सरकीचं वजन लांब वाहून नेणं परवडत नाही, म्हणून जिनिंग-प्रेसिंग कापसाजवळ राहिलं. रुई हलकी, दाबून गाठ केली की कुठेही जाते, आणि ती गेली. त्यामुळे आपल्याकडे दिवाळी ते होळी एवढं हंगामी काम उरलं आणि बारमाही काम गाठींबरोबर बाहेर गेलं.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होतो आहे, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. मला त्याची मनापासून आशा आहे. फक्त रंगाई-धुलाईला पाणी फार लागतं आणि त्या पाण्यावर शेतकऱ्यांचाही डोळा आहे. अप्पर वर्धा धरणाचं पाणी उद्योगाला द्यायचं तर वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची अट पहिल्या दिवसापासून हवी. कोराडीच्या वीजकेंद्राला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून दिलं जातं, तेव्हा हे अशक्य नाही.

प्रश्न : समृद्धी महामार्ग आमच्या गावाला खेटून गेला. रात्रभर गाड्यांचा आवाज येतो, पण माझ्या दुकानात त्यातला एक गिऱ्हाईक येत नाही. जुन्या रस्त्यावर तरी एसटी थांबायची.
— किराणा दुकानदार, जि. वाशीम

उत्तर : ७०१ किलोमीटरचा हा रस्ता नागपूर-शिर्डी टप्प्यानं डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर ठरलेल्या ठिकाणीच चढता-उतरता येतं. म्हणून रस्ता जवळ आहे का, हे त्याच्या बाबतीत विचारायचं नसतं, इंटरचेंज किती दूर आहे हे विचारायचं. तुमच्या गावापासून तो पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर व्यापाराच्या दृष्टीनं महामार्गही तेवढाच दूर. दुकान हलवण्याची घाई करू नका. गावातून इंटरचेंजपर्यंतचा जोडरस्ता नीट करून घ्या आणि तुमच्या भागातल्या सोयाबीन-तुरीला तिथे साठवणुकीची सोय मागा. गिऱ्हाईक एसटीनं येतं, तर एसटीच्या फेऱ्यांसाठी भांडा.

प्रश्न : मॅडम, माझ्या वावराला जाणारी पांदण एका शेजाऱ्यानं धुरा कोरून कोरून अर्धी केली. राहिलेल्या भागात गुडघाभर चिखल असते. सोयाबीन काढलं तं मळणीयंत्र वावरात नेता येत नाही, गंजी तिथंच भिजते. डोक्यावर किती वाहू?
— एक शेतकरी बाई, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. महामार्गाचे नकाशे वर्तमानपत्रांत छापून येतात, पांदणीचे येत नाहीत. खरं तर विदर्भातल्या शेतमालाचा प्रवास तिथूनच सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच अडतो.

आधी हक्काचं. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची प्रत मागा. गाडीरस्ता त्यावर दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो, पायवाट एकेरी तुटक रेषेनं. तुमची पांदण दुहेरी रेषेत असेल तर बंडीची वाट हा तुमचा हक्क आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. नकाशावर रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रस्ता मागता येतो. वकील नसला तरी चालतं. अर्जासोबत सातबारा, गावनकाशा आणि त्या वाटेनं जाणाऱ्या इतर शेतकऱ्यांच्या सह्या जोडा. एकटीनं जाऊ नका, त्या वाटेवरच्या सगळ्यांनी मिळून जा.

आता चिखलाचं. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर दोन पावसांत तो खाली बसतो आणि माती वर येते. वर्षानुवर्षं बंड्या जाऊन पांदण दोन्ही वावरांपेक्षा खोल गेलेली असते, म्हणून पावसात तिचा नाला होतो. आधी दोन्ही अंगांनी चर खोदून ती माती मधे टाका, पांदण वावरांपेक्षा उंच होऊ द्या, मध्यभाग फुगीर ठेवा, मग मुरूम टाकून रोलर फिरवा. कामावरचा माणूस चर नंतर करू म्हणाला तर मुरमाचा ट्रक परत पाठवा. शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत हे काम बसतं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नाव आलं आहे का ते पाहून घ्या.

प्रश्न : मी भूगोलात एम. ए. करत आहे. लघुप्रबंधासाठी ‘विदर्भातील हवामान बदल आणि जलसंकट’ हा विषय घेतला, पण माहिती इतकी आहे की सुरुवात कुठून करू कळत नाही. मागच्या वर्षी आमच्या मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली, आमच्या वावरात मात्र रिमझिमच होती. हे विषयात घेता येईल का?
— विद्यार्थिनी, कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर : बेटा, तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांत तुझा विषय आहे. पहिला सोडून दे. अकरा जिल्ह्यांवर एकीनं लिहायचं तर दुसऱ्यांचे आकडे पुन्हा लिहिण्यापलीकडे काही होणार नाही. ते आकडेही फसवे, कारण अकोल्याचा आणि गडचिरोलीचा पाऊस एकत्र करून काढलेली सरासरी कुठल्याच गावात पडत नाही. तू तुझं शिवार घे.

चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते. नुकसानीचे पंचनामे, मदत, विमा यांत त्या मंडळाच्या पर्जन्यमापकाला वजन असतं. पण मंडळात वीस-पंचवीस गावं, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका गावात कोसळून दुसऱ्याच्या शिवेवर थांबतो. हा फरक किती असतो, हे मोजायला तुला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ कडांचे, तोंड आणि तळ सारखे असलेले डबे घे. चार-पाच वावरांत, झाड किंवा घर असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, सपाट ठेव. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोज, लिही, डबा रिकामा कर. हवामान खात्याची वेळही हीच असल्यामुळे तुलना करता येईल. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी, हा हिशेब शेतकऱ्यांना सांग, ते डबे सांभाळतील.

एकूण पावसापेक्षा पावसाचे दिवस मोज. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला तो पावसाचा दिवस धरतात. दोन पावसांमधली कोरडी फट किती दिवसांची होती, ते लिही. पऱ्हाटीचं आणि सोयाबीनचं नशीब तिथे ठरतं. आठशे मिलिमीटर पन्नास दिवसांत पडला की वर्ष साधतं, तोच पंचवीस दिवसांत पडला की माती वाहून जाते आणि विहीर कोरडी राहते.

विहिरी नाल्याच्या वरच्या अंगाच्या, मधल्या आणि नाल्याकाठच्या अशा निवड. पातळी सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी घे. काठापासून मोजलंस तर काठाची उंची वजा कर, पातळी जमिनीपासून लिहायची असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, तुझ्या तालुक्यातल्या विहिरींच्या नोंदी वर्ध्याच्या कार्यालयात माग. प्रत्येक विहिरीजवळ त्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईशी बोल. १९७२ च्या दुष्काळात ही विहीर आटली होती का, पाणी कुठून आणलं, संत्रा लावल्यापासून पातळी किती गेली. ते जसंच्या तसं वहीत उतरव, सालाची खात्री लग्न, बाळंतपण, निवडणूक यांवरून करून घे.

पावसाआधीची पातळी या मोसमात एकदाच मिळते, म्हणून प्रबंधाची प्रस्तावना नंतर लिही. या आठवड्यात विहिरींची यादी कर, नवतपा संपायच्या आत पहिली मोजणी घे आणि यादी गावनकाशावर खुणा करून मला पाठव. कुठली विहीर वगळायची आणि कुठली घ्यायची, ते पाहून सांगते.